गोलातली रिकामी जागा

"मूठ उघड गं, राणी. एकदाच!"

"नाही! दुखतं!"

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी हेच चालायचं. आई कोमट पाण्याचं भांडं पुढे सरकवायची आणि पाच वर्षांची चिमणी डावा हात पोटाशी घट्ट धरायची. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले होते. हाड जुळलं होतं, पण बोटं उघडत नव्हती. "हातात भीती बसलीय," डॉक्टर म्हणाले होते.

आईच्या मनात मात्र तो बाक बसला होता. प्रार्थनागृहातल्या त्या बाकाचा पाय हलतोय, हे तिने सुतारकाकांना दोनदा सांगितलं होतं. "बघतो पुढच्या रविवारी," ते म्हणाले. पुढच्या रविवारी चिमणी त्यावरूनच पडली.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत होती. कुणी आजारी पडलं की शनिवारी दुपारी सगळ्यांनी त्या घरी जायचं, हातात हात धरून गोल करायचा आणि प्रार्थना करायची. आईने पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, फोनवर बजावलं होतं, "सगळे या. तो एक माणूस सोडून."

त्या शनिवारीही गोल झाला. पण चिमणीच्या दुखऱ्या हाताशेजारी एक जागा रिकामीच राहिली. पलीकडे नर्समावशी उभ्या होत्या. वॉर्डात चाळीस वर्षं काढलेल्या त्या बाई जागच्या हलेनात.

"मावशी, सरका ना."

"दोन शनिवार मी सरकले. आज नाही. ज्याची जागा आहे, तो खाली जिन्यात उभा असतो. आपण वर प्रार्थना करतो, तो खाली."

आई चरकली आणि लगेच भडकलीही. "तुम्हाला काय जातंय बोलायला! हात माझ्या पोरीचा मोडलाय!"

"अगं, तुझ्या जागी मी असते तर त्याला त्याच बाकाने बडवला असता!"

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकांना अचानक खोकला आला. मावशींचा आवाज मऊ झाला.

"पण पवित्र शास्त्रातल्या त्या पांगळ्याला आठव. चौघांनी छप्पर उचकटून त्याला बाजेसकट प्रभूपुढे उतरवलं. प्रभूने विश्वास पाहिला तो उचलून आणणाऱ्यांचा! आणि आधी दिली क्षमा, पाय नंतर. आज त्या बाजेवर तू आहेस, पोरी. क्षमा नाही ना जमत? नको करूस. आम्ही उचलतो तुला. तू फक्त दार उघड."

मग आईने दार उघडलं.

सुतारकाका आले. केसांत भुसा, नजर जमिनीवर. ते रिकाम्या जागी उभे राहिले, पण त्यांनी चिमणीचा हात धरला नाही. तिच्या मुठीखाली फक्त आपला तळवा उघडा धरला.

प्रार्थना सुरू झाली. 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर' ही ओळ आली आणि आईचे ओठ मिटले. बाकीच्यांनी मात्र ती म्हटली, तिच्या वाटचीही. ओळ कुठेच तुटली नाही!

"काका, तुमचा हात थरथरतोय," चिमणी कुजबुजली.

"भीती वाटतेय, बाळ. तुला दुखेल याची."

"मलापण वाटते." तिने क्षणभर विचार केला आणि मूठ त्या खरबरीत तळव्यावर टेकवली. करंगळी हलली. मग तिच्याशेजारचं बोट. दोनच बोटं, पण उघडली!

'आमेन' झालं. सगळे हात सोडू लागले, तेवढ्यात आई म्हणाली, "ती ओळ... पुन्हा म्हणूया का? माझी राहिली."

"म्हणूया की!" पाळक म्हणाले. "हवं तितक्यांदा."

चिमणीचा हात पुरता सुधारायला पुढे चार महिने लागले. डॉक्टरांचे व्यायाम चुकले नाहीत. मुठीत धरायला लाकडी अंडी सुतारकाकांनी करून दिली आणि प्रार्थनागृहातला एकूण एक बाक ठोकून घट्ट केला.

वाचकहो, क्षमा ही एकट्याने उचलायची गोष्ट आहे असं समजून आपण किती काळ कुढत बसतो! आपला विश्वास लुळा पडतो तेव्हा चार माणसं तो खांद्यावर घेतात. आपण एवढंच करावं: ज्याच्यासाठी दार लावून घेतलंय, त्याची जागा रिकामी राहू देऊ नये.