ओल्या मातीतली जखम

“आई, कडी काढ गं!” भावाची ती हाक ताईच्या कानांतून उभ्या जन्मात गेली नाही.

ज्या गोळीबारानं देश पेटला आणि जुलमी राजवट कोसळली, त्यात पहिला पडला तो तिचा भाऊ. आज त्याचा मातीचा पुतळा उभा होता. साचा घेण्याआधी जखमेची खूण घरच्यांनीच अंगठ्यानं उमटवायची, ही मूर्तिकाराची रीत.

म्हातारी आई खुर्चीत बसून पत्रकारांना सांगत होती, “मीच म्हटलं, जा बाळा, माघारी फिरू नकोस.”

“वाघीण आहात, आजी!” मंत्री म्हणाले. “ताई, लावा अंगठा. अगदी काळजापाशी.”

ताईनं अंगठा ओला केला, पुतळ्याला वळसा घातला आणि पाठीत खोल रुतवला.

“अहो, तिथं कुठं?” मूर्तिकार ओरडला. “सगळी मेहनत मातीत घातलीत!”

“त्याचं रक्त मी धुतलंय. गोळी इथंच होती.”

“गप, पोरी,” आई पुटपुटली. “झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.”

“तो घरीच आला होता, आई,” ताई म्हणाली. “दार बडवत होता. मी कडी काढायला धावले, तर तू माझा हात धरून ठेवलास.”