आधी रोट, मग गोळी

“हाई ताट कोनं शे?” सासूबाईंनी विचारलं, आणि पंगतीतला भुरका थांबला.

ताट मोनीचं होतं. नैवेद्याच्या रोटाची पोळी एका कडेला कुरतडलेली, खिरीवर साय धरलेली. नऊ वर्षांची मोनी भिंतीला टेकून गप्प बसली होती. तिचं गप्प बसणं हेच सकाळपासून घरात कौतुकाचं झालं होतं. मागच्या वर्षी याच पोरीने कानबाईच्या चौरंगाभोवती धावताना देवी म्हणून मांडलेला नारळ पाडला होता. तिच्या आईने, ज्योतीने, ते वर्षभर ऐकलं. सासूबाईंचा गुडघा सुजला तरी तो नारळ, मोटारसायकल पंक्चर झाली तरी तोच नारळ. आज मोनीने हात जोडून आख्खी आरती ऐकली, तेव्हा दोंडाईच्याहून आलेली भागाबाई आत्या म्हणाली, “मायनी कृपा शे.”

कृपा कसली? सकाळी न्हाणीघरात ज्योतीने दिलेली गोळी होती ती.

धुळ्याच्या डॉक्टरांनी शाळेचं, घरचं सगळं खोदून विचारलं होतं आणि मग ‘एडीएचडी’ हे नाव सांगितलं होतं. औषध सुरू करावं की नाही, यावर ज्योतीने उन्हाळाभर स्वतःशीच भांडण केलं. शाळेतल्या बाई मोनीला रोज वर्गाबाहेर बसवू लागल्या, तेव्हा कुठे ती हो म्हणाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळीने भूक मरते. आधी पोटभर खायला घाला, मग द्या. पण कानबाईला नैवेद्य दाखवल्याशिवाय या घरात कुणी तोंडात घास घालत नाही. ज्योतीने उपाशीपोटीच गोळी दिली. नारळाची धास्ती डॉक्टरांपेक्षा मोठी होती.

आणि रोट टाकायचा नसतो, बाहेरच्याला द्यायचाही नसतो. तो घरच्यांनीच संपवायचा.

“खाय ना वं बाई.”

“आजी, भूकच नाहीये.”

“कशी लागेल?” मोठी जाऊ सुलक्षणा वाढता वाढता म्हणाली. “मुगाच्या डब्यात पाकीट सापडलं ना मला. मेडिकलवाल्या भाच्याला दाखवलं मी. डोक्याच्या गोळ्या आहेत, आई. गुंगीच्या.”

“गुंगीच्या नाहीत त्या,” ज्योती म्हणाली. “डॉक्टरांनीच...”

“पोरले येडी ठरावस तू?” सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. “उद्या इनासंगे लगीन कोन करी?”

“आमना चुडामण बी लहानपनी अश्याच उड्या मारे,” आत्या म्हणाली. “दोन कानपटात दिन्या. सुधरी गया.”

आत्याचा मुलगा, चाळिशीतला चुडामण, समोरच्याच पाटावर बसला होता. त्याने ताटातून मान वर केली नाही.

ज्योतीने नवऱ्याकडे पाहिलं. धुळ्याला एसटीने किरणच सोबत आला होता. डॉक्टरांपुढे मानही त्यानेच हलवली होती.

“मला काय विचारता?” तो आमटी कालवत म्हणाला. “हिचंच सगळं. बीएस्सी झालीय ना ती.”

पंगत हसली. ज्योतीला राग आला नाही. तिने त्याला तिथल्या तिथे मनातून वजा केला.

“चाल,” सासूबाई म्हणाल्या, “नारळवर हात ठेव. सांग, परत गोळी देवाव नही. नही ते उद्या कानबाई तुना डोकावर येवाव नही.”

विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर न्यायचा मान यंदा ज्योतीचा होता. लग्नानंतर पहिल्यांदाच. जामनेरहून तिच्या आईने त्यासाठी पोपटी साडी धाडली होती.

ज्योतीने हात पुढे केला नाही. “शपथ नाही घेणार मी.”

“शिकेल शे ना,” मागून कुणीतरी म्हणालं.

दिवेलागणीला गोळीचा अंमल उतरला. मागल्या दारी मोनी आईला खेटून बसली आणि दुपारचं सगळं ताट तिने चाटूनपुसून खाल्लं. पाय हलवत, फ्रॉकवर खीर सांडत, मध्येच बेंबीच्या देठापासून कानबाईचं गाणं म्हणत. दिवसभर काय चुकल्यासारखं वाटत होतं, ते ज्योतीला आता कळलं.

“मोनी, नको वाटते का गं तुला गोळी?”

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ज्योतीनेही नाही.

मोनीचे पाय थांबले. “गोळी घेतली की गाणं येत नाही. पण बाई काय सांगतात ते शेवटपर्यंत ऐकू येतं.” मग बोटं चाटत ती म्हणाली, “उद्या आधी रोट दे. मग गोळी. मला नारळ नाही पाडायचा, मम्मी.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, कानबाई विसर्जनाला उठायच्या आधीच, ज्योतीने सगळ्यांदेखत मोनीपुढे ताट मांडलं. शेवटचा घास झाला, तसं चहाच्या डब्याशेजारी उघड्यावर ठेवलेलं पाकीट उचललं आणि गोळी दिली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. सुलक्षणाने पदर खोचला आणि ज्योतीच्या जागी चौरंगाखाली डोकं दिलं.

डफ वाजू लागला. बायका फुगड्या घालत बोरी नदीकडे निघाल्या. ज्योतीभोवती हातभर जागा सुटत राहिली, किरण तर पार पुढे गेला. मागच्या वर्षी याच चौकात तिने मोनीचं मनगट इतकं आवळून धरलं होतं की पोरीची बांगडी वाढली होती. आज मोनी शेजारून सरळ चालत होती. नजर नारळावर, ओठ मिटलेले.

ज्योतीने पोपटी साडी नेसली होती. डोक्यावर काही नव्हतं. पोरीला धरायची गरज नव्हती. हातांचं काय करावं ते तिला कळेना. चालता चालता तिने ते पदरात गुंडाळून घेतले.