पहिली घागर

"काय म्हणाला? पितांबर, लवकर सांगा."

पितांबरने कानावरचा हेडफोन काढला. समोर साताऱ्याकडचे साहेब उभे होते. त्यांना अहिराणी कळत नसे. म्हणून तर पितांबर या खोलीत अडीच महिने बसून होता. शिंदखेड्याचा हितेंद्र गुंगीच्या गोळ्या विकायचा. सरकारी परवानगी घेऊन त्याचा फोन ऐकायचा आणि मराठीत लिहून द्यायचा, एवढंच काम. सोबतचा किरण मोबाईलवर पोलीस आणि ड्रग्जवाल्यांची ती गाजलेली मालिका बघे आणि म्हणे, "त्यांचे पोलीससुद्धा ऐकतच बसतात हो, पण त्यांना निदान पार्श्वसंगीत तरी असतं."

इथे हितेंद्र रोज सिमकार्ड बदलायचा आणि कुठे आहे ते कुणालाच सांगायचा नाही. आज आईला सांगितलं होतं.

"नक्की येशी ना? तुना बापनी पहिली घागर शे. तुनाबिगर आगारी कोन टाकी?"

"येसू ना माय. अखाजीले सकायलेच येसू."

"काही नाही, साहेब," पितांबर म्हणाला. "घरचं बोलणं आहे."

साहेब दारापर्यंत गेले. पितांबरला त्याचा मेहुणा प्रेमराज आठवला. याच गोळ्या खाऊन तो अमळनेरला गच्चीवरून पडला होता. दोन वर्षं खाटेवर होता, बहीण त्याला कुशीवर वळवत होती.

"साहेब," त्याने हाक मारली. "अक्षय्य तृतीयेला घरी येणार आहे तो. सकाळी."

अक्षय्य तृतीयेला साध्या कपड्यांतले पाच जण शिंदखेड्याला गेले. हितेंद्र पळाला नाही. तो ओट्याजवळ हात धूत होता. साहेबांनी खूण केली तशी पितांबरने बेडीचं एक कडं त्याच्या डाव्या मनगटात घातलं आणि दुसरं आपल्या उजव्या. आत चुलीसमोर पितरांच्या नावाने घास टाकायला विस्तव काढून ठेवला होता. लाल घागरीवर खरबूज, त्यावर दोन सांजोऱ्या.

म्हातारी उंबऱ्यात आली. भिकुबाई. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण ती बोलली आणि त्याने मान खाली घातली. अडीच महिने हा आवाज त्याच्या कानात होता. तिचा दुखरा गुडघा, दावणीला न टिकणारी शेळी, लेक मयुरीच्या सासरची कटकट, सगळं त्याला ठाऊक होतं.

"भाऊ, तेवढी आगारी टाकू द्या त्याले. मंग लई जा."

पितांबरने साहेबांकडे पाहिलं. "वडील वारल्यानंतरची पहिली घागर आहे, साहेब. दोन मिनिटं."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि तोंड फिरवलं.

पितांबरने उंबऱ्याबाहेर बूट काढले. दोघे विस्तवासमोर खाली बसले. हितेंद्रने उजव्या हाताने घास घेतला, पण तूप घालायला दुसरा हात लागत होता. त्याने वाटी उचलली तसा पितांबरचा हातही सोबत विस्तवावर गेला. तूप चरचरलं. धूर डोळ्यांत गेला.

"नाव ले ना भो," मागून म्हातारी म्हणाली. नवऱ्याचं नाव ती स्वतः घेणार नव्हती.

"धनसिंग," हितेंद्र म्हणाला. त्याने घास विस्तवावर ठेवला.

गाडी निघाली तेव्हा भिकुबाई रडली नाही. घागर कलंडू नये म्हणून ती एका हाताने धरून उभी होती.

चिमठाण्याच्या पुढे साहेबांचा फोन वाजला. हितेंद्रला माल पुरवणाऱ्याचे सगळे नंबर बंद झाले होते. तो निसटला. "सोमवारी नवा नंबर मिळेल," साहेब थकून म्हणाले. "पितांबर, तुम्हालाच बसावं लागेल."

"हो साहेब."

बऱ्याच वेळाने हितेंद्रने हळूच विचारलं, "भाऊ, मना फोन तुम्हीच आयकेत का?"

"हा."

"मायना बी?"

पितांबर खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्याकडेची शेतं कापसाच्या काड्या काढून मोकळी झाली होती.

"मायना बी," तो म्हणाला.

हितेंद्रने हात ओढून घेतला नाही. एका बेडीतले ते दोन हात सीटवर मधोमध तसेच पडून होते, आणि खड्डा आला की दोन्ही एकदमच हलत.