भोंगा गप्प झाला तेव्हा

मित्रांनो, मी भोंगा आहे, आणि माझ्याइतका मोठा आवाज आमच्या वसाहतीत कुणाचाच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वीजकेंद्रासाठी माळरान सपाट करून ही वसाहत आखली. सरळ रस्ते, एकसारखी घरं, चढावर दवाखाना, उतारावर बालवाडी. धोका आला तर ओरडायला कोणीतरी हवं, म्हणून मला नियंत्रण खोलीच्या गच्चीवर बसवलं. तेव्हा मी लालभडक होतो. लोक मान वर करून बघायचे. काय ऐट होती माझी!

पण दर सोमवारी दहा वाजता माझी चाचणी व्हायची, आणि तिनंच घात केला. लोकांना माझी सवय झाली. कुणी माझ्यावर घड्याळ लावायचं, कुणी कपडे भिजत घालायचं. बालवाडीच्या बाई तर पोरं दचकतात म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या.

एका सोमवारी चाचणीची वेळ झाली, तोच खाली फोन खणखणला. केंद्रातली राख पाण्यात कालवून एका तळ्यात सोडतात. त्या तळ्यावरून मुकादम ओरडत होता, "ताई, बांध फुटलाय! चिखल बालवाडीकडे निघालाय!"

ताई म्हणजे माझं बटण दाबणारी. तिची चिमी त्याच बालवाडीत होती. तिनं मला चालू केलं आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. बघतो तर काय, बाई शांतपणे खिडक्या लावतायत! अहो, आज खरंच आहे हो! पण मला शब्द कुठले?

ताईनं बालवाडीला फोन लावला. माझ्या बोंबलण्यापुढे घंटी कुणाला ऐकू येणार? "उचला हो, उचला!" ती रडकुंडीला आली. करडा लोंढा कुंपणाशी पोचला. माझीच मला भीती वाटू लागली.

मग ताईनं अख्ख्या वसाहतीची वीज तोडली. मीही त्याच तारेवर, माझा आवाज घशातच अडकला.

आमच्याकडे वीज कधी गेलीच नव्हती, मित्रांनो! वीज बनवणाऱ्यांच्या घरात पंखे थांबले, तसे सगळे धडाधड रस्त्यावर आले.

"अहो, तुमच्याकडे पण गेली?"

"आपल्याकडे कशी जाईल? काहीतरीच!"

बाईंनीही दार उघडलं. तेवढ्यात ताई गच्चीवर आली आणि माझ्याशेजारून किंचाळली, "बांध फुटलाय! पोरं उचला, चढावर पळा!" मी गप्प होतो, म्हणून ते ऐकू गेलं. ज्याच्या हाताला जे पोर लागलं ते त्यानं उचललं.

थोड्या वेळानं मोठे साहेब धापा टाकत वर आले. "कुणाला विचारून वीज तोडली?"

 ताई चढावरच्या गर्दीत चिमीला शोधत होती. साहेबांनी खाली पाहिलं. बालवाडीचं नुसतं छप्पर दिसत होतं. साहेबही चढावरची पोरं मोजू लागले. मग एका शेजाऱ्याच्या खांद्यावरून एक चिमुकला हात हलला, आणि ताई मट्कन खाली बसली.

मित्रांनो, माझा गंज खरवडा, तेलपाणी करा, चाचणीही घ्या. पण मी ओरडलो की आधी पोरांना घेऊन बाहेर या. काही झालेलं नसलं, तर खुशाल शिव्या घाला मला. मी आनंदानं ऐकून घेईन.