एक तास चोपन्न मिनिटांचे शहर

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे आणि स्वस्थ बसणे माझ्या नशिबात नाही. भिंतीवरच्या घड्याळाचे बरे असते. कोणी पाहो न पाहो, ते आपले चालत राहते. मला मात्र कोणीतरी सोडावे लागते आणि कोणीतरी धरावे लागते. धरले की मी अडकतो. स्प्रिंग पोटात ताणलेलीच असते, काटा पुढच्या रेघेवर डोळा ठेवून असतो आणि बाहेरचे जग काही माझ्यासाठी थांबत नाही. मला सगळे ऐकू येते. फक्त मोजायची परवानगी नसते.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. खिडक्यांखाली टेबलांची रांग होती आणि प्रत्येक टेबलाशी डोळ्याला भिंग लावलेली एक बाई बसलेली असे. एकीने माझी चाके बसवली, दुसरीने तबकडी, तिसरीने पोलादी डबी बंद केली. शेवटच्या बाईने मला एका मोठ्या घड्याळाशेजारी तासभर पळवले आणि चिठ्ठीवर बरोबरची खूण केली. डोक्यावरची कळ दाबली की मी शून्यावर येतो. बाजूला एक बारीक खिट्टी आहे. ती खाली ओढली की मी थांबतो, वर सरकवली की थांबलो तिथूनच पुढे निघतो. माझ्या छोट्या तबकडीत तीसच मिनिटे मावतात. त्याहून जास्त मोजायचे तर दर अर्ध्या तासाला कागदावर एक रेघ मारावी लागते. माझ्या आयुष्यातले बरेवाईट सगळे त्या खिट्टीने घडवले.

मला एका शाळेतल्या खेळाच्या सरांनी घेतले. एकवीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात होतो. शर्यत संपली की मुलांचा घोळका आधी माझ्याकडे धावे. "सर, किती? सर, किती?" माझ्या काट्यावर कोणी नाचले, कोणी रडले. मोठ्या स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांनी मला हातात घेऊन विचारले होते, "याच्यावर विश्वास ठेवायचा ना?" सर म्हणाले होते, "माझ्यापेक्षा जास्त ठेवा."

तेच सर घरच्या मुलीपुढे मात्र विरघळत. मुलीला धावायची हौस होती, दम नव्हता. संध्याकाळच्या सरावात ती बरगडी धरून मैदानाच्या कडेला बसली की सर हळूच माझी खिट्टी ओढत. तिचा श्वास खाली बसला की वर सरकवत. वहीत तिची वेळ अशी झकास लागे की तिचे तिलाच नवल वाटे. मग स्पर्धेचा दिवस आला. तिसऱ्या फेरीनंतर मुलगी सवयीने कडेला जाऊन बसली. बाकीच्या मुली पुढे निघून गेल्या. सरांच्या बहिणीने, म्हणजे मुलीच्या आत्याने, सगळ्यांदेखत भावाला सुनावले, "दादा, लाडापायी पोरीला मैदानात बसायला शिकवलंस की रे!"

पुढे शाळेत आकडे उजळणारी नवी घड्याळे आली, सर निवृत्त झाले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. शिट्टी, तुटके खडू आणि रबरबँड यांच्या शेजारी अकरा वर्षे. मला तेल नाही, किल्ली नाही. सर गेल्यावर मुलीने खण आवरला तेव्हा मी उजेडात आलो. तिने मला कानाशी धरले, दोन पीळ दिले, आणि मी चाललो.

मुलगी आता मोठी झाली होती. नदीतून प्रवासी नेणाऱ्या एका बोटीवर ती थांबे आखायचे काम करी. कुठल्या गावी बोट किती वेळ उभी राहील, तेवढ्यात प्रवाशांनी काय बघायचे, कुठून जायचे, कुठे पाणी, कुठे स्वच्छतागृह, परत केव्हा, हे सगळे ती मिनिटांत बसवी. बोटीवरचे लोक तिला मिनिटताई म्हणत. लहान गावे तिने हातचा मळ असावा तशी आखली होती. घोडे अडत होते ते एकाच ठिकाणी: नदीकाठच्या त्या मोठ्या, जुन्या शहरात. तिथे महाल होता, रंगवलेल्या छताचे दालन होते, घंटेचा मनोरा होता, दगडी पूल होता, आणि बोटीकडे होते फक्त तीन तास. बाराला धक्क्याला लागायचे, तीनला सुटायचे. कारण खालच्या धरणापाशी बोटींसाठीचा दरवाजा चारला उघडतो, तो चुकला की दुसऱ्या दिवसापर्यंत नांगर टाकून बसा.

गेल्या वर्षी सात प्रवासी वेळेत आले नाहीत. बोट त्यांच्या डोळ्यांदेखत निघाली. त्यांच्या औषधांच्या पिशव्या बोटीत आणि ती म्हातारी माणसे धक्क्यावर. पुढच्या गावी त्यांना मोटारीने आणावे लागले. मिनिटताई तेव्हा बोटीच्या मागच्या कठड्याशी उभी होती. त्यातल्या एका आजींनी हात हलवला होता. निरोपाचा की थांबा म्हणून, हे तिला अजून कळलेले नाही. ही गोष्ट ती ज्याला त्याला सांगे आणि सांगताना मला मुठीत आवळे.

यंदा कप्तानांनी ठरवून टाकले होते: शहर डेकवरूनच दाखवायचे, थांबायचे नाही. मिनिटताईने एक संधी मागितली. म्हणाली, "मी स्वतः चालून बघते. सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन."

ते माणूस तिला शोधावे लागले नाही. आत्या त्याच शहरात, धक्क्यापासून दोन गल्ल्यांवर राहत होती. गुडघे दुखरे, जीभ धडधाकट.

"म्हणजे मी तुझी गोगलगाय?" आत्या म्हणाली.

"माप आहेस, आत्या."

"माप! बरं, चल. बापाचं घड्याळ काढलंयस म्हणजे आज काही खरं नाही."

धक्क्यावरच्या तिकीटघराच्या घड्याळात नऊ वाजले आणि मिनिटताईने मला सोडले. काय सांगू मित्रांनो, अकरा वर्षांनी मोकळे रान! चौऱ्याण्णव पायऱ्या चढून आत्या बाकावर टेकली. मिनिटताईच्या अंगठ्याने खिट्टी ओढली. तिने विचार करून ओढली नाही. अंगठाच आपला गेला. बापाचा जायचा तसा.

पुढे भांडीवाल्यांच्या गल्लीत आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल शिवणाऱ्याने सावकाश दोरा ओवला. मी थांबलेला. महालाच्या दाराशी पिशव्या ठेवायची रांग होती. मी थांबलेला. दालनात आत्या मान वर करून छत बघत बसली ती उठेना. मनोऱ्याच्या पायरीवर बसली, पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकली. दर वेळी खिट्टी खाली. एकदा मिनिटताई विसरली तर आत्यानेच आठवण केली, "थांबव गं ते. माझ्या बसण्यानं तुझा आकडा फुगायला नको."

मी तिच्या मुठीत तडफडत होतो. माझ्यासमोरून मिनिटे ओंजळीतल्या पाण्यासारखी गळत होती आणि एकही माझ्या तबकडीत पडत नव्हते.

परत धक्क्यावर आलो तेव्हा कागदावर तीन रेघा होत्या आणि माझ्यात चोवीस मिनिटे. एक तास चोपन्न! मिनिटताईने आत्याला मिठीच मारली. तिकीटघराच्या घड्याळात बारा पस्तीस झाले होते. तिने ते पाहिले, नाही असे नाही. पण प्रत्येक बसण्याला तिच्याकडे कारण तयार होते. चप्पल तुटली हा योगायोग. रांग त्या दिवशीचीच. गप्पा आपल्या घरच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागद घेऊन कप्तानांच्या खोलीत गेली. मी तिच्या गळ्यात होतो. कप्तानांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"एक चोपन्न. छान. निघालात किती वाजता?"

"नऊला."

"आणि परत?"

मिनिटताईने कागदाकडे पाहिले. खोटे बोलायला तेवढाच अवकाश होता. माझा काटा थांबलेला होता, पण मला वाटले, आता तो थरथरेल.

"बारा पस्तीसला," ती म्हणाली.

"मग मधले पावणेदोन तास कुठं ठेवलेत?"

"त्यात आत्याची चप्पल तुटली, साहेब. ते काही धरायचं नसतं."

"मिनिटताई, आपल्याकडे प्रवासी बासष्ट. म्हणजे चपला एकशे चोवीस." कप्तानांनी कागद परत तिच्यापुढे सरकवला. "गेल्या वर्षीचे सात जण काय हुंदडत होते? ते पण कुठंतरी बसलेच असतील. शुक्रवारपर्यंत दुसरा कागद आणा. नाहीतर शहर डेकवरून."

ती बाहेर येऊन कठड्याशी उभी राहिली. मग तिने माझ्या खिट्टीकडे बघितले आणि ती स्वतःशीच म्हणाली, "दादा आपल्याला बसवायचे, आणि आपण वहीतली वेळ खरी मानायचो." घरात तीसुद्धा वडिलांना दादाच म्हणायची.

गुरुवारी पुन्हा चालणे. या वेळी तिने खिट्टीवर चिकटपट्टी लावली.

"आज बसलीस तरी हे थांबायचं नाही," तिने आत्याला सांगितले.

"मग मी बसतच नाही."

"बसायचंस. मुद्दाम बसायचंस. जिथं वाटेल तिथं."

मनोरा आणि पूल तिने काढूनच टाकले. आत्याला ते रुचले नाही. "मनोरा नाही बघायचा? मग शहर बघितलं कसलं?"

"परवा मनोऱ्यापाशी काय बघितलंस तू?"

आत्याने जरा आठवून पाहिले. "पायरी," ती म्हणाली, आणि दोघी भररस्त्यात हसत सुटल्या.

ज्या वाटेने गेल्या त्याच वाटेने त्या परत आल्या. बाक, सावली, पाण्याचा नळ, सगळ्यांच्या नोंदी झाल्या. मी मात्र एकसारखा धावत होतो. जन्मात इतका वेळ सलग धावलो नव्हतो. दुसऱ्या तासानंतर माझी चाके जड होऊ लागली. मी जीव तोडत होतो, पण माझे सेकंद लांबत होते, हे मला आतून कळत होते आणि सांगता येत नव्हते.

धक्क्यावर माझ्यात दोन तास एकतीस मिनिटे भरली. तिकीटघराच्या घड्याळाच्या हिशेबाने मात्र निघाल्यापासून दोन तास चाळीस मिनिटे झाली होती.

"ते सरकारी घड्याळ पुढं पळत असेल," आत्याने माझी बाजू घेतली.

मिनिटताईने फोन काढून पाहिला. घड्याळ बरोबर होते. नऊ मिनिटे मी खाल्ली होती. म्हणजे आधीच्या एक चोपन्नमध्येही माझी खोट होतीच. 'माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवा,' असे ज्याच्याविषयी सांगितले गेले तो मी! मला तबकडी लपवायला जागा नव्हती.

तिने कागदावर दोन चाळीस लिहिले. वीस मिनिटे हातात ठेवली. कप्तानांनी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली, वर म्हणाले, "एकदाच. हुकलं तर पुढच्या वर्षी मागायचं नाही." मला तिने धक्क्यालगतच्या घड्याळजीकडे टाकले. त्याने माझी डबी उघडून भिंगातून पाहिले. "तेल सुकून डिंक झालाय," तो म्हणाला. "यात घड्याळाचा काय दोष?"

त्यामुळे, मित्रांनो, ज्या रविवारी सगळे पणाला लागले होते त्या दिवशी मी दुकानाच्या टेबलावर होतो. धुऊनपुसून, तेल घालून. घड्याळजीने ठरवले होते की मला तीन तास सलग चालवून बघायचे. बाराला नदीवर भोंगा झाला आणि त्याने मला सोडले. बोट लागली होती.

मी धावू लागलो. बाहेरून पावलांचा लोंढा गेला, काठ्यांची टकटक गेली, मग शांत झाले. दुकानात गिऱ्हाइके आली-गेली. घड्याळजी दर अर्ध्या तासाला रेघ मारी. एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. पावले परतू लागली. मी कान देऊन काठ्या मोजू पाहत होतो, पण ते माझे काम नव्हे, मला जमेना. पाच रेघा झाल्या.

दोन तास एक्कावन्न मिनिटांना दोन आखूड भोंगे झाले. आखूड भोंगे म्हणजे कोणीतरी यायचे राहिले आहे. त्रेपन्नला पुन्हा दोन. पंचावन्नला पुन्हा. माझी स्प्रिंग कशी टिकली कोण जाणे. घड्याळजीसुद्धा भिंग वर करून दाराकडे बघू लागला.

दोन तास सत्तावन्न मिनिटांना एकच भोंगा झाला. लांब, भरघोस. सगळे चढले असले की बोट तसा देते.

थोड्या वेळाने आत्या दुकानात शिरली आणि धापा टाकत स्टुलावर बसली.

"चालतंय का नीट?"

"सेकंदभर मागं नाही. काय झालं हो मघाशी?"

"अहो, मी सगळ्यांच्या मागनं येत होते. त्यात एक आजोबा. पायऱ्यांच्या वरच्या बाकावर बूट काढून बसलेले. लाजेनं मेल्यागत झाले होते. म्हणे, माझ्यामुळं खोळंबा नको, तुम्ही व्हा पुढं. मी म्हटलं, बसा हो निवांत. तुमचं बसणं धरूनच वेळ आखलीय. आमच्या पोरीनं आखलीय!" मग तिने मला उचलून डोळ्यांजवळ नेले. "तसे उठले बघा. घाई केली असती तर तिथंच कोसळले असते."

मित्रांनो, कोणाच्या खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर त्याला बाहेर काढा, दोन पीळ द्या, वर्षा-दोन वर्षांनी तेल दाखवा. कोणी न विचारता पडून राहिलेल्याकडून खरे उत्तर मिळत नाही, हे मी माझ्या नऊ मिनिटांवरून सांगतो. आणि थकल्या माणसाबरोबर कुठे निघालात तर माझी खिट्टी ओढू नका. तो बसला की तुम्हीही शेजारी बसा. मोजायला मी आहे.