डब्यांची अदलाबदल

लोकांच्या चपला लपव, नळाला फुगा बांध, शेजाऱ्याच्या चहात मीठ टाक, असल्या उद्योगांसाठी माझे हात लहानपणापासून शिवशिवतात. त्यामुळे गोळ्यांचे दोन डबे बदलणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

मला आणि बायकोला एकदमच टीबी झाला, तोही साध्या गोळ्यांना भीक न घालणारा. दवाखान्यात तेव्हा एका कंपनीचं नवं औषध तपासून बघत होते. अर्ध्या पेशंटांना नवं, अर्ध्यांना जुनं. गोळ्या दिसायला सारख्या, डब्यावर नुसता नंबर. कुणाला काय मिळतंय, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही.

"म्हणजे आंधळी कोशिंबीर," मी म्हणालो.

"संमतीच्या कागदावर सही करा गपचूप," बायको म्हणाली. "खोकून खोकून बरगड्या मोडल्या, तरी जिभेला काही होत नाही तुमच्या!"

दोन आठवड्यांत मला उलट्या सुरू झाल्या. तिला काहीच नाही. मी बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, लगेच ताडलं. पोटात दंगा करतंय तेच खरं औषध! नवं मला आलंय, तिच्या वाट्याला जुनंच.

तिला सांगितलं असतं तर तिनं माझं औषध घेतलं नसतं. म्हणून सांगितलंच नाही. दर सोमवारी डबे आले, की माझ्या गोळ्या तिच्या डब्यात, तिच्या माझ्या.

तिला पहिली उलटी झाली तेव्हा मी तिची पाठ चोळत होतो आणि मनात नाचत होतो. लागू पडतंय!

"मी इथे आतडी ओकतेय आणि तुम्ही दात काढताय?"

"तुझं तोंड बघून हसू येतं."

"आरशात बघा एकदा. फुकट करमणूक."

पाचव्या महिन्यात ती गेली. मी ठणठणीत बरा झालो.

वर्षभरानं दवाखान्यातून बोलावणं आलं. लेक सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं.

"काका, औषध पास झालं. आता देशोदेशी जाईल. तुम्ही जुन्या औषधावर होतात, काकू नव्यावर. काकूंनाच ते का लागू पडलं नाही, कंपनीला कळत नाहीये. त्यांचा कागद वेगळा काढून ठेवलाय."

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. लेकीनं माझा हात धरला होता. पण उद्या कुठल्यातरी देशात कुणीतरी तो कागद पुढे करेल आणि म्हणेल, अशा बाईला हे औषध देऊ नका.

"तिनं ते दोन आठवडेच घेतलं," मी म्हणालो. "पुढचं सगळं मी गिळलं. डबे बदलायचो मी."

"बाबा, इथे तरी मस्करी नको हं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं. "तिसऱ्या आठवड्यापासून?"

"हो."

लेकीनं हात काढून घेतला.