कानामागची चकती

लेकीच्या कानामागे चिकटवलेली ती बटणाएवढी चकती वाजली की आई हातातलं काम टाकून धावायची. आणि हल्ली ती ऊठसूट वाजत होती. स्वयंपाकघरात, जिन्यात, टीव्हीसमोर. आता दवाखान्यात नंबर यायची वाट बघतानाही वाजली, तसे समोरच्या बाकावरचे आजोबा खिशातला फोन चाचपू लागले.

"तुमचा नाही हो आजोबा, माझं डोकं वाजतंय," लेक म्हणाली.

आईला हसू आलं नाही. तिनं आपल्या फोनवर 'हो' दाबलं.

प्रकार असा होता. लेकीला फिट यायची. ऐन विशीतली पोर, चष्म्याच्या दुकानात कामाला; एकदा ती काउंटरमागे कोसळली, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला. चकतीत मेंदूच्या धर्तीवर बनवलेली चिप होती. फिट येण्याआधी डोक्यात जी खळबळ होते, ती ओळखून वाजणारी. "ही सगळं शिकून आलेली नाही," डॉक्टरांनी समजावलं होतं. "तुमच्याकडूनच शिकणार. वाजली की फोनवर सांगायचं, फिट होती का. 'हो' म्हणाल ते पक्कं धरेल, 'नाही' म्हणाल ते हळूहळू विसरेल."

विसरेल! आईनं नेमकं तेवढंच ऐकलं. आपण 'नाही' म्हणायचो आणि खऱ्या फिटच्या वेळी ही बया मूग गिळून बसायची! त्यापेक्षा 'हो' बरं. लेक दचकली, 'हो'. वैतागली, 'हो'. काहीच झालं नाही तरी 'हो'. आत काय चाललंय ते आपल्याला थोडंच दिसतं? आईच्या काळजीला पुरावा कुठे लागतो.

पण किती वेळा 'हो' दाबलं, हे आकडे डॉक्टरांकडे जात होते. मागच्या खेपेला ते म्हणाले होते, असंच वाढत राहिलं तर डोक्याचं ऑपरेशन करावं लागेल. तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोरीचं डोकं उघडणार, या विचारानं ती रात्ररात्र पोरीच्या उशाशी बसून राहायची.

आत गेल्यावर डॉक्टर बराच वेळ पडद्यावर चकतीनं टिपलेल्या मेंदूच्या लहरींच्या रेघा बघत राहिले.

"दुकानात किती वेळा वाजते?"

"दुकानात? कधीच नाही," लेक म्हणाली.

आई खुर्चीतून अर्धी उठली, तिनं लेकीचं मनगट धरलं. "बाळा, बरं वाटतंय ना तुला?"

चकती वाजली.

डॉक्टरांनी आधी चकतीकडे पाहिलं, मग आईकडे. "तुम्ही जरा बाहेर थांबता?"

"मी? आणि हिला काही झालं तर?"

"मी आहे ना इथे."

आई बाहेर दाराला कान लावून उभी राहिली. काहीच वाजेना. बंद पडली की काय मेली! आणि तेवढ्यात आतून लेक हसल्याचा आवाज आला. खळखळून. घरात असं हसू ऐकून किती दिवस झाले, ते आईला आठवेना.

डॉक्टरांनी दार उघडलं. "औषध लागू पडलंय. फिट केव्हाच थांबलीय. मी नुसते आकडे बघत बसलो, रेघा आधीच बघायला हव्या होत्या."

"मग ही वाजते कशाला?"

"तुम्ही घाबरलात की मुलगी घाबरते. आणि ते घाबरणं म्हणजेच फिट, असं तुम्ही चकतीला शिकवलंत."

"म्हणजे ऑपरेशन..."

"नाही. कशाचं करू?"

आईनं दाराची चौकट धरली. सुटकेचा श्वास पुरता सोडलाही नव्हता, तोच दुसरं काहीतरी काळजाला लागलं. पोरीला भीती वाटत होती ती आपली.

डॉक्टरांनी तिच्या हातातला फोन घेऊन लेकीला दिला. "यापुढे चकतीला हिलाच शिकवू दे."

"मी थोडे दिवस बहिणीकडे जाऊन राहते," आई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.

"आई, आत ये."

"नको गं. वाजेल."

"वाजू दे."

आई चोरपावलांनी आत आली. चकती वाजली. लेकीनं एका हातानं तिला ओढून शेजारी बसवलं, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं 'नाही' दाबलं.